वकिलाच्या हाताचा दांडू

परवा वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर एक बातमी वाचली. गोल्फ नावाच्या खेळात पैसे घेऊन खेळणारे लोक आता चेंडू फार लांब मारतात म्हणे. मैदानं पुरेनाशी झाली आहेत. म्हणून चेंडूवर आणि काठीवर नियमाचा लगाम घालायचा की नाही, यावर मोठमोठ्या लोकांचा वाद चालू आहे. मी गोल्फ कधी पाहिला नाही. आमच्या काळी अकोल्यात तो कुणी खेळत असेलच तर कलेक्टर खेळत असेल, आणि त्यानं आम्हाला काही बोलावलं नव्हतं. पण हा वाद मला तोंडपाठ आहे. या वादानं माझ्या घरातली चूल विझवली होती. बातमी वाचली आणि मी चहा तसाच ठेवून उठलो. बायको म्हणाली, "सकायी सकायी कोणावर चिडून राहिले?" तिला काय सांगणार? ज्यांच्यावर चिडलो होतो त्यातले बहुतेक कधीच मेले.

आमचा खेळ विटीदांडूचा. हसू नका. आज तो पोरासोरांचा खेळ वाटतो. पण एकोणीसशे साठच्या आगेमागे वऱ्हाडात त्याच्या स्पर्धा होत, मांडव पडत, लाउडस्पीकर लागत, आणि अकोल्याच्या जिनांचे मालक आपापले संघ ठेवत. जीन म्हणजे जिथं कापसातून सरकी काढतात तो कारखाना. कापसाचा हंगाम असेपर्यंत जिनात माणसांचा बाजार भरलेला असे, आणि चैत्र लागला की फाटकाला कुलूप. आम्ही हंगामी माणसं मग आपापल्या गावी. पण जे मालकाच्या संघात पक्के बसले त्यांना बारा महिने काम मिळे. कुणाला चौकीदार म्हणून ठेवत, कुणाला कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसवर तेलपाण्याला. म्हणजे विटी मारायची आणि त्यावर पोट भरायचं. गोल्फवाल्यांना वाटतं, असं तेच करतात.

मी बार्शीटाकळीचा. आमच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला त्याला फार वर्षं झाली नव्हती. मॅट्रिकला मी आपटलो होतो, दुसऱ्यांदा बसायची ऐपत नव्हती. अकोल्याच्या एका जिनात बोजे उचलायला लागलो, बायको त्याच जिनात रुई वेचायला. जिनामागच्या चाळीत एक खोली भाड्यानं घेत असू. दर वर्षी चैत्रात तिनं भांडी पोत्यात भरायची, चुलीची माती पाण्यानं शिंपून पुसून काढायची आणि आम्ही बार्शीटाकळीला परत जायचो, भावजयांच्या चुलीवर पाचवा-सहावा हात होऊन राहायला. लग्नाला तीन हंगाम झाले होते आणि तीन वेळा तिनं चूल मोडली होती. ती कधी बोलली नाही. पण तिसऱ्या खेपेला पोतं शिवताना ती दाभण इतक्या जोरानं खुपसत होती की मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मला बारमाही काम पाहिजे होतं, ते एवढ्यासाठी. तिची चूल एका जागी राहावी म्हणून.

आणि मी लांब मारत होतो. हे मी नम्रपणे सांगणार नाही. अकोला जिल्ह्यात माझ्याइतका टोला कुणाचा नव्हता. देवानं अंग काडीचं दिलं, पण हात असे दिले की उभा राहिलो तर बोटं गुडघ्याला टेकायला निघत. शाळेत पोट्टे मला माकड म्हणत. दांडू हातात आला आणि चिडवणं बंद झालं.

आता खेळाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझा राग कळायचा नाही. जमिनीत एक खळगी असते. विटीच्या टोकावर दांडूनं टिचकी मारून ती उडवायची आणि हवेतच टोला हाणायचा. विटी जिथं पडेल तिथपासून खळगीपर्यंत अंतर मोजायचं, आणि मोजायचं कशानं? ज्या दांडूनं टोला मारला त्याच दांडूनं. फूटपट्टी नाही, दोरी नाही. तुझा दांडू हेच तुझं माप. आणि दांडू कापायचा आपापल्या हातावर, काखेपासून मनगटापर्यंत. ज्याचा हात लांब त्याचा दांडू लांब, विटी लांब जाणार, पण मोजताना तोच लांब दांडू कमी वेळा बसणार. आखूड हाताचा माणूस जवळ मारतो, पण त्याचं माप जास्त भरतं. हाव धरून कुणी दांडू हातापेक्षा मोठा केलाच, तर मोजताना तो स्वतःच बुडतो. आमच्या खेळाला लगाम होता. तो ज्यानं घातला त्याला कुणी सभेला बोलावलं नव्हतं, हार घातला नव्हता. गावोगावच्या पोरांनी खेळता खेळता घातला होता आणि तो कुणाला काचत नव्हता.

तो लगाम तोडला शिकलेल्या माणसांनी.

अमरावतीला स्पर्धा भरवणारी एक समिती होती. अध्यक्ष एक वकील. गोरेपान, बुटके, टोपी धरून माझ्या खांद्याला लागत. बोलणं मात्र असं की ऐकताना वाटावं, आपण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे आहोत. चिटणीस एका शाळेतले मास्तर. बाकी डॉक्टर, प्राध्यापक, एक पेढीवाले. वाईट माणसं नव्हती. खेळावर त्यांचं प्रेम होतं, हे मी आजही म्हणतो. पण आपल्याला जे समजतं तेवढंच जगात आहे, असं मानणाऱ्यांचं प्रेमही महागात पडतं. त्यांना एके वर्षी साक्षात्कार झाला की प्रत्येकाचा दांडू वेगळ्या लांबीचा, मग मोजमाप शास्त्रीय कसं? म्हणून त्यांनी फीत आणली. पिवळी, कापडी, शिंप्याकडे असते तशी, पण लांबलचक. दोन स्वयंसेवक ती धरून मैदानभर पळत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विटीदांडू आधुनिक झाला म्हणे.

आमच्या जिनाचा एक फिटर संघाचा कप्तान होता. वयानं मोठा, बोलायला कमी. फीत पाहून त्यानं मला बाजूला घेतलं.

"समजलं का बे तुले काही?"

"काय समजाचं?"

"आता मोजाले दांडू नाई. मंग दांडू लांब केला त नुकसान कोनाचं?"

कुणाचंच नाही. फायदा मात्र माझा. माझे मामा धारणीला जंगलात कूप तोडायच्या, म्हणजे लाकूडतोडीच्या, कामावर होते. मी निरोप धाडला. मामांनी धावड्याचं लाकूड आणलं, बसच्या टपावर बांधून. धावडा म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा ज्याचा करतात तो. वाकेल पण मोडणार नाही. मी ते वाकसानं तासलं, चुलीवर धुरात टांगलं, जवसाचं तेल पाजलं. बायको म्हणे, "माह्या डोक्याले तेल नाई अन् या लाकडाले पाजून राहिले." दांडू माझ्या मापापेक्षा चांगला वीतभर मोठा केला. का करू नये? नियमात कुठं लिहिलं होतं? दांडू किती असावा हे आजवर लिहायची गरजच पडली नव्हती, कारण मोजणी ते काम आपोआप करत होती. मोजणी काढली वकिलांनी. मी फक्त उघड्या दारातून आत गेलो.

त्या वर्षी अमरावतीच्या मैदानावर मी जे टोले मारले ते पाहणारी माणसं अजून दोन-चार तरी असतील. फीत संपत होती. स्वयंसेवक एक टोक जमिनीवर दाबून धरत आणि दुसरा तिथून पुन्हा मोजायला लागे. शेवटच्या सामन्यात तर विटी मैदान ओलांडून पाहुण्यांच्या मांडवाच्या पत्र्यावर खडाण्णकन आदळली. खाली एक बडे अधिकारी चहा पीत होते. त्यांनी तो आपल्याच पॅन्टवर सांडला. सगळं मैदान हसलं. आमचा संघ जिंकला. वकीलसाहेबांनी माझ्या गळ्यात हार घातला, त्यासाठी मला वाकावं लागलं. तेव्हाच त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहायला पाहिजे होतं.

जिनाचे मुनीम मारवाडी. मालकाचा शब्द त्यांच्या तोंडून येई. म्हणाले, "मालिक लय खूश हाये. पन मालिक म्हणते, एका सालानं का होते? पुढच्या साली बी जीत. मंग तुले बारमाही करून टाकू. मी जबान देतो."

चैत्रात बायकोनं चौथ्यांदा चूल मोडली. पण या वेळी ती पोतं शिवताना गाणं म्हणत होती. म्हणाली, पुढच्या साली चूल करीन ती पक्की करीन, पांढऱ्या मातीची, दोन तोंडांची.

पुढचा हंगाम आला. अंतिम सामना पुन्हा आमचा आणि अमरावतीचा. सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून, तिथून दुसरी छोटी गाडी धरून आम्ही अमरावतीला पोचलो. माझा दांडू मी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून नवरदेवासारखा नेला होता. मैदानात पाय ठेवला आणि लाउडस्पीकरवर वकीलसाहेबांचा आवाज ऐकू आला. यंदापासून सर्व खेळाडूंना समितीनं दिलेला प्रमाणित दांडूच वापरावा लागेल. विटी मैदानाबाहेर जाऊ लागली आहे, प्रेक्षकांना धोका आहे, आणि लांब दांडूमुळे खेळातलं कौशल्य लोपत चाललं आहे. नियम सर्वांना समान.

टेबलावर दांडू मांडले होते, बाभळीचे, सगळे एका लांबीचे. मी एक उचलला. हातात धरला तर लाटणं धरल्यासारखं वाटलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब," मी विचारलं, "हे माप कुठून काढलं?"

वकीलसाहेब प्रसन्न होते. "परंपरेला धरूनच आहे हो. काखेपासून मनगटापर्यंत. सुताराला घरी बोलावलं आणि मी स्वतःचा हात पुढे केला."

ते हे अभिमानानं सांगत होते. त्या माणसाला खरोखरच वाटत होतं की आपण परंपरा पाळली. प्रत्येकानं आपल्या हाताचं माप घ्यायचं, ही परंपरा; यांनी आपल्या हाताचं माप प्रत्येकाला दिलं. संबंध वऱ्हाडानं आता त्या बुटक्या वकिलाच्या हातानं खेळायचं.

मी म्हणालो, "साहेब, लांब दांडू नको म्हणता त माही ना नाई. पन मंग फीत बी काढा. पह्यल्यासारखं ज्याचा दांडू त्याचं माप. मी लांब मारीन त मोजताना मीच मरीन. तुमाले लगामच पाहिजे ना? तो त होताच, तुमीच तोडला."

"फीत शास्त्रीय आहे," ते म्हणाले. "मागं जाता येणार नाही."

"मंग आजच काऊन? स्पर्धा दहा दिवसांपासून चालू हाये. उपांत्य सामना मी माह्या दांडूनं खेयलो. फायनलच्या सकायी नियम?"

तेव्हा चिटणीस मास्तर मध्ये पडले. ते वाक्य मी विसरलेलो नाही आणि विसरणार नाही. म्हणाले, "हे पाहा, धर्म बदलला म्हणून खेळाचे नियम बदलत नाहीत."

क्षणभर मला कळेना की विटीदांडूत धर्म कुठून आला. मग कळलं, तो त्यांच्या मनात पहिल्यापासून बसलेलाच होता, मी हार घालून घ्यायला वाकलो तेव्हाही. मी म्हणालो, "धर्म आमी बदलला, मास्तर. नियम त तुमी बदलून राहिले."

कप्तानानं माझं कोपर धरलं आणि मला ओढून बाजूला नेलं. "तोंड आवर. आपल्याले खेयाचं हाये. तुह्या बायकोले काय सांगशीन, भांडून आलो म्हणून?"

मी तोंड आवरलं. खेळायला उभा राहिलो तेव्हा हातातला दांडू निरखून पाहिला. समितीचा नवाकोरा दांडू, पण त्याच्या टोकाला विटीचे वण होते. नवीन लाकडावर पहिल्यांदा विटी आपटते तेव्हा पडतात तसले बारीक खोलगट वण, एक-दोन नव्हेत, पुष्कळ. मी समोरच्या संघाकडे पाहिलं. अमरावतीचे खेळाडू ते आखूड दांडू असे सहज फिरवत होते की जन्मापासून तेच हातात आहेत. नियम सर्वांना समान होता, फक्त त्यांना तो आधी कळला होता. कप्तानाला मी ते वण दाखवले. त्यानं पाहिलं, जमिनीवर थुंकला आणि म्हणाला, "मार."

मारलं. दोन वर्षं हाताला जी सवय लागली होती ती एका सकाळीत जात नाही. विटी उडाली, मी दांडू फिरवला आणि तो विटीच्या अलीकडूनच वारा कापत गेला. जिथं माझ्या दांडूचं टोक असायला पाहिजे होतं तिथं काहीच नव्हतं. दुसऱ्यांदा निसटती लागली. तिसऱ्यांदा मी एक पाऊल पुढं टाकून मारली, लागली खरी, पण सरळ आभाळात गेली आणि खाली येताना एका पोरानं ती पदरात फूल झेलावं तशी झेलली. मी बाद. मांडवातून मास्तरांचा आवाज आला, "नाचता येईना अंगण वाकडं!" लोक हसले. अंगण वाकडं नव्हतं, मास्तर. तुम्ही ते आदल्या पंधरवड्यात वाकडं करून ठेवलं होतं आणि तुमच्या पोरांना त्यावर नाचायला शिकवलं होतं. हे मी तेव्हा ओरडून सांगायला पाहिजे होतं. कप्तानाचा हात माझ्या कोपरावर होता.

आम्ही हरलो. परतीच्या गाडीत मुनीमजी दुसऱ्या डब्यात जाऊन बसले. जबान त्यांनी जिंकण्यावर दिली होती, आणि मारवाड्याची जबान जशीच्या तशी पाळली जाते. चैत्रात मी खोलीवर गेलो तेव्हा पोतं शिवून झालं होतं. चूल त्या वर्षी तिनं खरोखरच पांढऱ्या मातीची, दोन तोंडांची केली होती. ती मोडायला तिच्यानं होईना. म्हणाली, "राहू द्या. जो येईन तो रांधन." मी ती स्वतः पायानं मोडली. दुसऱ्या कुणी तिच्यावर रांधावं हे मला सोसलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, पोतं उचललं आणि ती बाहेर निघून गेली. स्टेशनापर्यंत ती माझ्या पुढं पुढं चालत होती.

तो उन्हाळा-पावसाळा मी बार्शीटाकळीत दुसऱ्यांच्या वावरात निंदण-खुरपणीत काढलं. लोक विचारत, काऊन बे, आता टोले नाई मारत? मी शिव्या देई. घरी आलेल्या पाहुण्यांनाही देई. एकदा मोठ्या भावानं समजावलं की अरे, नियम काही चुकीचा नव्हता, सगळ्यांना एकच दांडू हे बरोबरच आहे. मी त्याच्याशी चार दिवस बोललो नाही. कारण तो म्हणत होता ते खरं होतं. नियम बरोबरही असू शकतो. सगळ्यांना एक दांडू, हे काय अन्याय म्हणून कुणी सांगावं? पण नियम कुणाच्या हातावर कापला, कुणाला आधी कळला आणि कुणाचा टोला पत्र्यावर पडल्यावर सुचला, हे कुणी विचारत नाही. बरोबर नियमाच्या पाठीमागं लपून माणसाला किती सफाईनं मारता येतं, ते मी पाहिलं होतं.

पुढच्या हंगामात पुन्हा जिनात बोजे उचलायला गेलो. दुसरं काय करणार? संघात माझं नाव नव्हतं. संक्रांतीच्या सुमारास मुनीमजींनी गादीवर बोलावलं. तोंडभर हसत होते.

"सुनलं का? अमरावतीवाल्यानं नियम काढून टाकला. आता ज्याचा त्याचा दांडू. फीत हायेच. तुह्यं नाव टाकलं म्या. जीतलं त बारमाही, जुनीच जबान."

मी विचारलं, "नियम काऊन काढला?"

कारण त्यांना माहीत नव्हतं, कप्तानाला माहीत होतं. अमरावतीत समितीतल्याच प्राध्यापकाचा मुलगा तयार झाला होता. साडेसहा फुटांकडे चाललेला, हात माझ्यासारखेच. समितीच्या दांडूनं तो बिचारा वाकून वाकून खेळे आणि हुकत असे. मग समितीची सभा झाली आणि समितीला कळलं की आपल्या हाताच्या मापाचा दांडू वापरणं हा खेळाडूचा परंपरागत हक्क आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. एक वर्ष आधी हेच शब्द मी मैदानात उभं राहून बोललो होतो, तेव्हा माझं तोंड फार चालतं असं ठरलं होतं. तेच शब्द आता ठराव झाले.

मी अंतिम सामन्याला गेलो, दांडूही नेला. पण आधी सरळ वकीलसाहेबांच्या टेबलापाशी गेलो.

"साहेब, नियम काढू नका."

त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अरे, तुझ्याच फायद्याचं केलंय!"

"माह्यासाठी नाई केलं तुमी. माह्यासाठी कराचं असतं त मागच्या साली केलं असतं. त्या नियमानं मले बाहेर काढलं, माह्या बायकोची चूल गेली. चांगला होता म्हणे तो. लोकायले धोका होता, कौशल्य मरत होतं. मंग आता का पत्रे मजबूत झाले? ठेवा ना तो. मी तुमच्या हाताच्या दांडूनं खेयतो. त्यालेबी खेयू द्या. नाई त फीत फाडून फेका अन् ज्याचं माप त्याले द्या. पन ज्याचा हात लांब झाला त्याच्याकडं पाहून नियम नका लांब-आखूड करू."

वकीलसाहेब हसले. वाईट हसू नव्हतं ते, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. "अरे वेड्या, मिळतंय ते घ्यावं," ते म्हणाले. "न्याय उशिरा का होईना, होतो."

प्राध्यापकाचा मुलगा शेजारीच उभा होता. तो लाजलेला दिसला. हळूच येऊन म्हणाला, "दादा, तुमचा दांडू बघू का? धावडा आहे ना?" मी त्याच्या हातात दिला. त्यानं तो तळहातावर तोलला, मान हलवली आणि दोन्ही हातांनी परत केला. त्याच्यावर माझा तेव्हाही राग नव्हता, आजही नाही. हात त्याला बापानं दिले होते; नियम त्यानं मागितला नव्हता.

खेळायचं की नाही, हे ठरवायला मला फार वेळ मिळाला नाही. कप्तान म्हणाला, "खेयतं का नाई बे? का आता तत्त्वावर मरतं?" मला त्याचाही राग आला. तत्त्वावर मरायची सोय ज्यांच्या घरात बारा महिने चूल असते त्यांना असते. ज्या टेबलावर मी आत्ता भांडलो होतो त्याच टेबलाकडे पाठ करून मी मैदानात उतरलो. माझ्या अंगात विटीदांडू उरला नव्हता, फक्त राग होता, आणि असल्या रागात टोला चांगला बसतो हे मला त्या दिवशी कळलं. त्या मुलानंही फार लांब मारली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. माझी त्याच्यापुढं पडली. आम्ही जिंकलो.

मुनीमजींनी तिथंच, मैदानात, सगळ्यांसमोर सांगून टाकलं की उद्यापासून हा आमचा बारमाही माणूस. संघातल्यांनी मला उचललं. माझ्या मनात आलं ते एवढंच, की आता चैत्रात पोतं शिवायचं नाही. डोळे भरून आले आणि त्यात आनंद किती आणि संताप किती हे मला वेगळं करता येईना.

खाली उतरलो तर वकीलसाहेब हार घेऊन उभे. मी वाकलो नाही. त्यांनी टाचा उंच केल्या, तरी जमेना, मग हार माझ्या हातातच दिला आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघ, मी म्हणालो नव्हतो? न्याय झाला की नाही?"

मी म्हणालो, "न्याय नाई झाला, साहेब. नोकरी भेटली."

ते खो खो हसले, आणि शेजारी उभ्या असलेल्या मास्तरांना त्यांनी ते, माझा विनोद म्हणून, पुन्हा एकदा सांगितलं.